बोरांचा रस उकळायचा नाही

२८ डिसेंबर ९३
आज पुन्हा उकळला. पुन्हा तेच. पातेल्यात घालताना बोर, उतरवताना काकवी. साखर कमी केली, लिंबू वाढवलं, झाकण ठेवलं, झाकण काढलं, गॅस मंद, आणखी मंद. वास जातो म्हणजे जातोच. सगळ्या स्वयंपाकघरात बोरांचा घमघमाट आणि पातेल्यात काही नाही. वहिनी म्हणाली, "वास छान सुटलाय हो!" सुटलाय ना. सुटून गेलाय, तेच तर रडगाणं आहे.

दुपारी दादा एका टेपवाल्याला घेऊन बागेत हिंडत होता. मला पाहून टेप गुंडाळला. चोर कुठला. आमच्या या मेहरूणच्या बागेतल्या बोरांवर ज्याचं सगळं शिक्षण झालं तो माणूस आता त्याच झाडांच्या जागी प्लॉट मोजतोय.

३० डिसेंबर
जेवताना भांडण. दादाचं म्हणणं: हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, तोडायला बायका मिळत नाहीत, बाजारात पाटी पोचेपर्यंत निम्मी बोरं मऊ, उरलेल्यांत अळी. "तुझं कॉलेजच्या पगारावर चालतं म्हणून तुला झाडं दिसतात. मला तोटा दिसतो." खोटं नाही बोलत तो. म्हणूनच जास्त राग येतो.

मी म्हटलं, टिकणारा रस करून दाखवते. धुळ्याच्या कांतिशेठचा सोडा-लेमनचा कारखाना आहे, ओळखीचे आहेत, त्यांनी घेतला तर? दादा हसला. मग म्हणाला, "शेठ हो म्हणाले तर एक वर्ष झाडांना हात लावणार नाही. नाही म्हणाले तर तू मध्ये पडायचं नाही." आईसमोर म्हणाला. बस्स, झालं ठरलं.

आबांनी, आमच्या बापाने, एकेका रानबोरीवर स्वतःच्या हाताने कलमाचा डोळा भरून केलेली बाग आहे ही. हे दादाला मी सांगायचं? त्यानेच तर तेव्हा पाणी घातलं होतं.

५ जानेवारी ९४
पुण्याहून मागवलेल्या लेखाची झेरॉक्स आली. आग नकोच. कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज पाण्यातून सोडायचा. पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे उठतात, फुटतात, आणि फुटताना फळाच्या पेशी फोडतात. वास रसातच राहतो. जंतूही मरतात. सगळे नाही, बरेचसे.

आमच्या रसायनशास्त्राच्या प्रमुखांना विचारलं, असं यंत्र मागवता येईल का. म्हणाले, "आवाजाने जंतू मरत असते मॅडम, तर आपल्या स्टाफरूममध्ये एकही उरला नसता." सगळे हसले. मीही हसले. आता त्याचाच संताप येतोय. मी का हसले?

८ जानेवारी
मूर्ख मी. यंत्र गावात आहे आणि मी पुण्याला पत्रं पाठवतेय.

आईच्या पाटल्या धुवायला माझी मैत्रीण विजू, तिच्या नवऱ्याच्या, अशोकभाऊंच्या सराफी दुकानात गेले. त्यांनी मागून एक स्टीलचा डबा आणला. पाणी, त्यात पाटल्या, बटण. किर्र. दातांत मुंग्या आल्या. नक्षीतून मळ असा निघाला जसा धूर. मी विचारलं, हे काय आहे? "दागिने धुवायचं मशीन, ताई. आवाजावर चालतं." जळगावात इतकी सराफी दुकानं, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही!

बोरांचं सांगितलं. अशोकभाऊ म्हणाले, "ताई, उद्या गिऱ्हाईक म्हणेल माझ्या मंगळसूत्राला बोरांचा वास येतो." मी म्हटलं, "चांगला वास आहे, जास्ती घ्या." दुकान बंद असतं त्या दिवशी वापरा म्हणाले. या गावात एक तरी माणूस भेटला ज्याने 'कशाला' विचारलं नाही.

१६ जानेवारी
गर पाण्यात कालवून काचेच्या चंबूत, चंबू मशीनच्या पाण्यात. फार वेळ चालवलं की पाणी आपोआप तापतं, म्हणून थोडं चालवायचं, थांबायचं, थंड पाणी घालायचं, पुन्हा. मग गाळून चाखलं.

बोर. नुसतं बोर. झाडाखालचं, धुळीचं, दुपारचं. दुकानाच्या मागच्या खोलीत, तिजोरीशेजारी उभी राहून मी रडले. अशोकभाऊंनी पंखा लावून दिला आणि बाहेर जाऊन बसले.

२३ जानेवारी
फार उड्या मारू नयेत. बाहेर ठेवलेली बाटली चौथ्या दिवशी फसफसली. फ्रिजमधली अजून उत्तम. म्हणजे हे सगळं थंडीच्या जोरावर. बरं. लिंबू वाढवायचं, आणि आवाज देताना पाणी हाताला सोसेल इतकंच ऊन ठेवायचं. जास्त नाही. तेवढ्याने वास जात नाही, पाहिलं.

फ्रिजचा खालचा कप्पा मागितला. वहिनीचा चेहरा असा, जणू तिच्या माहेरचं अंगण मागितलं. भाजीची पिशवी बाहेर, माझ्या बाटल्या आत. वर दादा: "फ्रिजला पण प्लॉट पाडला का?" स्वतःच्याच विनोदावर हसला.

६ फेब्रुवारी
चांगला घाणा झाला. सोडावाल्याकडून बाटल्या नि बुचं, सगळं गरम पाण्यातून काढलं, भरल्या, बुचं ठोकली. खालचा कप्पा गच्च. कांतिशेठ वीस तारखेच्या रविवारी येतो म्हणाले. आता मी फक्त श्वास रोखून बसायचं.

आणि नेमकी बारा तारखेपासून प्रॅक्टिकलची परीक्षक म्हणून धुळ्याची ड्यूटी! बदलून मागितली. प्रमुख म्हणाले, "बोरांसाठी?" जावं लागणार. आईला बजावून ठेवलं, बाटल्यांना हात लावू नको, कुणाला लावू देऊ नको.

१६ फेब्रुवारी


धुळ्याहून आले. एरंडोलपर्यंत उभ्याने, तिथे बसायला जागा मिळाली, खुशीत होते. घरात शिरते तो फ्रिज रिकामा. वर धाब्याच्या गच्चीवर गेले. माझ्या बाटल्या ओळीने उन्हात. पापड-कुरडयांसारख्या, खाली धुतलेलं जुनं लुगडं अंथरून. निम्म्यांची बुचं उडालेली. उरलेल्यांत फेस. माश्या.

आई अभिमानाने मागे उभी. अमळनेरकडची ती, चाळीस-पन्नास वर्षं या घरात काढूनही अहिराणी सुटली नाही. "दोन दिन लाइट नव्हती. फ्रिजमा काय थंड ऱ्हास? तुनी वहिनी फेकी देत व्हती. मी नही फेकू दिन्ह्या. बठ्ठ्यांले ऊन दखाडं." सगळ्यांना ऊन दाखवलं म्हणे!

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही. आई म्हणाली, "लोनचं नही का वरीसभर ऱ्हास उन्हावर?"

काय सांगू तिला? या गावात जे जे टिकवायचं ते ते उन्हात ठेवतात. लोणचं, साखरांबा, मिरच्या, डाळी, गाद्या. तिने माझं सगळं काम त्याच मायेने वर नेऊन ठेवलं. दोन महिने आगीपासून जपलेलं दोन दिवसांत उन्हाने खाल्लं. डीपी जळाला म्हणे. वीजवाल्यांच्या बापाचं काय गेलं. दादाला मात्र मी बोलले: तू घरात होतास, बर्फाची एक लादी आणता आली नाही? "मला काय माहीत कसं ठेवतात ते?" खरंच माहीत नव्हतं. विचारलं मात्र नाही त्याने. कधीच नाही.

१७ फेब्रुवारी
आई सकाळपासून बागेत. झाडांवर आता उरलंसुरलं, टोकाचं. पदरात वेचून आणलं. एकेक बोर फोडून अळी बघत बसली. मी पण शेजारी बसले. माफी दोघींपैकी कुणीच मागितली नाही.

लग्नसराई. अशोकभाऊंचं मशीन दिवसभर चालू. तरी म्हणाले, दुपारी जेवणाच्या वेळेत या. बाहेर नवरीकडची मंडळी खोळंबलेली, आत मी चंबू धरून. एक बाई डोकावली, "सोनं वितळवताहेत का हो?" अशोकभाऊ म्हणाले, "नाही, धुताहेत." मोजक्याच बाटल्या झाल्या. घरी नेल्याच नाहीत, त्यांच्याच फ्रिजात ठेवल्या.

२० फेब्रुवारी
कांतिशेठ आले. पांढरा सदरा, अत्तर लावलेलं. मनात म्हटलं, आता वास कसला येणार याला.

पण आला. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "अरे! हे तर झाडाखाली बसून खाल्लेलं बोर." आई दारामागे. दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि खोटं कशाला लिहू, कौतुकाने पाहिलं.

मग शेठ सुरू झाले. रंग काय असा, तांदूळ धुतल्या पाण्यासारखा? आणि टिकतो किती?

"फ्रिजमध्ये पंधरा-वीस दिवस."

"आणि बाहेर?"

खरं सांगितलं.

"ताई, माझा माल सोनगीरच्या टपरीवर पत्र्याखाली पडून असतो. मे महिन्यात. तिथे कुठला फ्रिज? उकळून द्या. घेतो."

उकळला की वास जातो, त्यासाठीच तर हे सगळं, म्हटलं. शेठ समजुतीने हसले. "वासाचं माझ्यावर सोडा. मुंबईहून एसेन्स येतो. थेंबभर पुरतो."

"मग बोरं कशाला हवीत?"

"बाटलीवर बोराचं चित्र टाकायचं तर थोडी आत पण पाहिजेत ना."

वाईट हेतूने बोलले नाहीत. तेच चीड आणतं. वाईट हेतू असता तर भांडता आलं असतं.

दादाने विचारलं, "पण घेणार ना?" "घेऊ की. ताईंनी एप्रिल संपायच्या आत कळवावं." शेठची गाडी वळली आणि दादा म्हणाला, "शेठ हो म्हणाले. मी शब्द पाळतो. झाडं वर्षभर राहतील. आता तू उकळ."

२ मार्च
उकळ म्हणे. जणू दूध आहे.

होय म्हटलं तर झाडं राहतात, बोर जातं. नाही म्हटलं तर मी माझ्या तत्त्वाला कुरवाळत बसायचं, आणि खिडकीतून प्लॉट नंबर बघायचे. तत्त्व! रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एसेन्सचा विटाळ कशाला? स्टाफरूममध्ये कुणीतरी हेच म्हणालं. मी म्हटलं, विटाळ नाही, खोटेपणा. तर म्हणे, आइस्क्रीममध्ये खरं केशर असतं का मॅडम? या लोकांना उत्तर देण्यात माझं आयुष्य चाललंय.

आज आई दादाशी पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलली. "तुना बापनी लायेल झाडं शेतस ती." दादा म्हणाला, "म्हणून तर हिला सांग, हो म्हण." दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी ताटावरून उठले.

१२ एप्रिल
पेपर तपासायला धुळ्याला आले होते. तशीच शेठच्या कारखान्यात गेले. भांडायलाच गेले होते. म्हणणार होते, बर्फाची पेटी ठेवा टपऱ्यांवर, जळगाव-धुळे एवढंच विका, थोडं विका, पण खरं विका. म्हटलं सगळं. शेठनी ऐकून घेतलं, ऑरेंज पाजलं. मग कपाटातून एक लहानशी तपकिरी बाटली काढून बूच उघडून माझ्या नाकाशी धरली. "बघा तरी. बोर."

मी तोंड फिरवणार होते. नाही फिरवलं. हुंगलं.

वास बरा होता. बराच बरा. मी सगळा हंगाम जे चंबूत पकडायला धडपडले त्याच्या पुष्कळ जवळचा. खोटा, घाण वास असता तर मी तिथेच बाटली आपटली असती. बसमध्ये सगळा रस्ता नाकात तोच होता. मला स्वतःचा राग आला, शेठचा आला, ज्या कुणी तो एसेन्स इतका चांगला केला त्या माणसाचा तर सगळ्यात जास्त आला.

दादाने दारातच विचारलं, काय ठरलं. उद्या सांगते म्हटलं.

२४ एप्रिल
उद्या उद्या करत इथवर आले. ऊन नुसतं भाजून काढतंय. सकाळीच हिरामण आला, कोयता आणि कुऱ्हाड दोन्ही खांद्यावर. आबांच्या वेळेपासून आमच्या बोरींची छाटणी तोच करतो. याच दिवसांत करावी लागते; झाड पार बोडकं केलं तरच पुढच्या हंगामाला नवी फूट येऊन बोरं धरतात. नाही तर वर्ष फुकट.

त्याने टेपवाल्याचं ऐकलं असणार. अंगणात उभा राहून विचारलं, "ताई, औंदा छाटनी शे का तोडनी?"

दादा वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे बघायला लागला. आईचं सूप थांबलं. म्हणजे निवाडा मी द्यायचा: छाटणी म्हटलं की शेठच्या एसेन्सला हो, तोडणी म्हटलं की प्लॉट. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, कुऱ्हाड माझी नाही, आणि शब्द मात्र माझा हवा! यांचं सगळं असंच. 

म्हटलं, आधी चहा घे.

चहा देऊन आत आले आणि हे लिहायला बसले. हिरामण ओट्यावर बसलाय. चहा संपवून कपबशी पालथी घातलीय त्याने. दादा हाक मारतोय.