खिळ्यावरचे तीन नान

२ मार्च
ठराव: बारा तारखेच्या आत बाबांची वही पळवायची.
गल्लीत कोण कधी बाहेर गेलं, कोणाकडे कोण आलं, ते बाबा वहीत लिहितात. महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी सरकारी कचेरीची गाडी येते. बाबांनी ज्या नावाखाली रेघ मारली असेल, ते माणूस गाडीतून जातं. आमच्या गटाला ते नाव आधी कळायला हवं. या वेळी कचेरीला म्हणे बंडखोरांच्या मीटिंगला जाणारं माणूस हवंय. आमच्या गल्लीतून माझ्याशिवाय आणखी कोण जातं? बिचाऱ्याला वाचवलं पाहिजे.
गटातली सनोबर म्हणाली, हे तूच करू शकतेस. खरं आहे. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. बाबा चौथी पास, त्यांना पत्ताही लागणार नाही.

३ मार्च, सकाळ
वही उशीखाली. बाबा उशीवर. उद्या.

५ मार्च
वही टेबलावर, बाबा तंदूरपाशी. उत्तम संधी. पण त्यांना खोकला झालाय. आजारी माणसाची वही चोरणं तत्त्वात बसत नाही. चहा करून दिला.
संध्याकाळी शिवणवर्गाच्या नावाखाली मीटिंग. मशिनींच्या खडखडाटात सनोबरनं वही मागितली. म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. ती म्हणाली, "तुझी प्रक्रिया संपेपर्यंत आपल्याला उचलतील, बाई."
घरी बाबांनी विचारलं, शिवण कुठवर आली? म्हटलं, बाही झाली. पाच महिने बाहीच चालू आहे, त्यांच्या लक्षात येत नाही.

८ मार्च
आईच्या नानावरची धूळ पुसली. घरातून जाणाऱ्यानं दातांनी एक घास तोडायचा, उरलेला नान खिळ्याला टांगायचा, परत येऊन संपवायचा. सहा वर्षांपूर्वी आई गाडीतून गेली, तेव्हा बाबांनी तिला घासासाठी दारात थांबवलं होतं. गाडीवाले हसले होते. नानाचा आता दगड झालाय. तिच्या दातांची नक्षी मात्र तशीच आहे.
तेव्हाही वही बाबांकडेच होती. रेघ कोणी मारली, हे त्यांना विचारायचं आहे. विचारणार आहे.

१० मार्च
नवा प्लॅन. उद्या संध्याकाळी वही घेऊन सनोबरबरोबर खिंडीपलीकडे. भावुक व्हायचं नाही.
फक्त एक घास तोडला आणि नान आईच्या नानाशेजारी, पडद्याआड टांगला. मी रूढी मानत नाही. पण परत यायचं तर आहे. बाबा पडद्यामागे कशाला बघतील?

११ मार्च
वही दिवसभर बाबांच्या मांडीवर. सनोबरला निरोप दिला, उद्या पहाटे नक्की.
चहा ओतताना बाबा मध्येच म्हणाले, "पोरी, तुझा पुढचा दात वाकडा आहे. लहानपणीच बघायला हवं होतं."
हा विषय कुठून आला कोण जाणे. वय झालंय.

१२ मार्च, दुपार
पहाटे जाग आली नाही. गाडी आमच्याच दारात थांबली. मी बोचकं घेऊन उभी. बाबा कोट घालून तयार होते. त्यांनी नानाचा घास तोडला, उरलेला माझ्या हातात दिला.
"परत आलो की संपवू. झाकून ठेवू नकोस, बुरशी येते."
मी पडदा सारला आणि तो नान आधीच्या दोघांशेजारी टांगला. अशा वेळी संयम महत्त्वाचा.
वही टेबलावरच होती. उघडली. मीटिंगच्या प्रत्येक संध्याकाळी माझ्या नावापुढे एकच नोंद: बर्चिन, घरी, शिवण. शेवटच्या पानावर, मीटिंगला जाणारे, यापुढे बाबांनी स्वतःचंच नाव लिहिलेलं: "हमरोकुल, म्हणजे मी." खाली रेघ. फूटपट्टीनं मारलेली.
आईचं पान शोधलं नाही. वही जाडजूड आहे.

१५ मार्च
कचेरीचा माणूस येऊन गेला. वही तात्पुरती माझ्याकडे. पदवी आहे, अक्षर चांगलं आहे, म्हणाला. घेतली. नाही म्हटलं असतं तर बाबांची चौकशी कोणाकडे करणार? शिवाय वही आता गटाच्याच हातात. एका अर्थी प्लॅन यशस्वी.

१९ मार्च
सनोबर आली होती. दारातच उभी राहिली. "येतेस?" एवढंच विचारलं. म्हटलं, बाबा आले की लगेच. ती खिळ्यांवरच्या तीन नानांकडे बघत राहिली. मग गेली.
समोरच्या खिडकीचा पडदा हलला होता, म्हणून नोंद करणं भाग पडलं. सनोबर, पाच वाजून दहा मिनिटं. शाईनं लिहिलं, पेन्सिल सापडेना.
नुसती नोंद आहे. रेघ मारलेली नाही. रेघेला अजून तीन आठवडे आहेत.