बटणाशेजारचे दोन पट्टे

आप्पा, तुमच्या खोलीच्या भिंतीवर काल रंगाऱ्याने दोन पट्टे मारून ठेवले, दिव्याच्या बटणाच्या एका बाजूला मोतिया, दुसऱ्या बाजूला गडद मरून. मोतिया मी निवडलेला, मरून आईने. घरातली पहिली पदवी माझी. आता गल्लीतल्या मुलींना संध्याकाळी या खोलीत अभ्यासाला बसवायचं ठरवलंय. त्यांना उजेड हवा, म्हणून मोतिया. आईचं म्हणणं, पोरी भिंतीला हात लावणार, फिकट रंग आठ दिवसांत मळणार.

ओल्या रंगावर मत देऊ नये, हे तुमचंच. भवानी पेठेतल्या कारखान्यात तुम्ही रंगवलेल्या सुताची लच्छी वाळवून दारात आणायचात, उन्हात धरायचात, मगच मान हलवायचात. म्हणून मीही पट्टे वाळू दिले. आज सकाळी दार उघडून पाहते, तर दोन्ही पट्ट्यांच्या मधे, जिथे रंगाऱ्याने जुना चुना खरवडला होता, तिथे तुमच्या बोटांचे मरून डाग वर आलेले.

तो चुना मीच फासला होता. मी आठवीत होते, वर्गातल्या मैत्रिणी घरी येणार होत्या. तुम्ही कामावरून येता, दिवा लावता आणि मी ओरडते, किती घाण करता हो भिंत. तुम्ही स्वतःचे हात बघता. कितीही घासले तरी नखांतला रंग निघत नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "व्हय की, चुकलंच." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कोपराने बटण दाबायला लागलात. शेवटच्या आजारपणात कारखाना सुटून वर्ष झालं होतं, हात स्वच्छ होते, तरी कोपरानेच.

रंगारी म्हणाला, पुट्टी भरली की डाग जातील, रंग तेवढा सांगा. मी मोतिया म्हणणार, तेवढ्यात त्याच्यापुढे चहा ठेवत आई म्हणाली, "आता तुजी खोली हाय, तू ठरव. पण पोरींनी बी कोपरानंच बटण दाबायचं का?"

तिला ते आठवत नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मरून सांगितला. ट्यूब एक जास्त लावू. डाग मात्र उद्या झाकले जातील.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी मैत्रिणी आल्याच नाहीत, आप्पा. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी "येऊन गेल्या" म्हणाले.