शांतीचा कागद

सोमवार, सांजचं. भिलाई.

थू असल्या इलेक्शनवर! व्याही असेंबलीले उभा आहे. काल सभेत माह्या शांतीले स्टेजवर चढवलं, तिनं सोता लिहिलेला भाषणाचा कागद तिले वाचाले लावला, अन् "माही होणारी सून पाहा, पोरी शिकवा," म्हणून टाळ्या घेतल्या. आज घरी चहा पेता पेता म्हणते, "विहीणबाई, आता तिची शाळा बंद करा."

तोच कागद त्याच्या खिशातून डोकावून राहिला होता.

"मंग स्टेजवर कावून बोलले?"

हासला. "ते लोकाच्या पोरीसाठी."

मले दुसरीतून काढलं, म्हणून हे असं वाकडंतिकडं लिहून राहिली. शांतीचं असं नाही होऊ देणार. कागद मागितला तं दिला नाही, उतई गावच्या सभेत लोकाले दाखवाचा आहे म्हणे.

तो गेल्यावर व्याह्याले निरोप धाडला: शुक्रवारपर्यंत सांगा, पोरगी शाळेत जाईन का सोयरीक मोडू?