लसणाच्या चित्राखालचा अंगठा

तंजावूर, मंगळवार

प्रिय श्रीकर कण्णा,

आजीचा आशीर्वाद. अक्षर शेजारच्या महालक्ष्मीचं आहे, तोंड माझं. ती हिंदीच्या शिकवण्या घेते, म्हणून तिला नागरी येते. मी सांगते तसंच लिही, सुधारू नकोस, अशी तिला तंबी दिली आहे. मधला एखादा शब्द तिनं गाळला तरी मला कळायचं नाही, हे तिलाही ठाऊक नि मलाही. विश्वास म्हणतात तो हाच.

गुडघे तसेच आहेत. मागच्या दारची केळ यंदा घडाच्या भारानं वाकली आहे; तुझ्या चित्रांतल्या झाडांसारखी ऐटीत उभी राहत नाही बिचारी.

त्या चित्रांचंच सांगायचं आहे. पोंगलला आलास तेव्हा झोपाळ्यावर बसून मोबाइलवर दाखवली होतीस. पाचशे वर्षांपूर्वी इटलीकडच्या कुणी काढलेली. आता ती छापून, चौकटीत बसवून लोकांच्या हॉलसाठी विकणार म्हणालास. मी हसले होते. झाड मुळासकट उपटलेलं, तरी टवटवीत. एकाच फांदीला कळी, फूल नि फळ. असं झाड मी जन्मात पाहिलं नाही, आणि मी कावेरीकाठची आहे. मग तू शाईची डबी काढलीस आणि जाड चिठ्ठ्यांचा गठ्ठा. आजीची आठवण, घराण्यातल्या एकेका लेकराला एक, म्हणालास. मोजून शंभर होत्या. आपल्या घराण्यात शंभर लेकरं व्हायची तर तुला कौरवांकडे दत्तक द्यावं लागेल, असं मीच म्हणाले, आणि मीच दुपारभर अंगठे उठवत बसले.

गेल्या गुरुवारी महालक्ष्मीच्या भाचीचा पापनाशमला गृहप्रवेश होता. सोवळ्याचं घर, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि हॉलमध्ये सोनेरी चौकटीत, मुळ्यांसकट, हातभर लसूण. मी इतकी हसले की सुपारी घशात अडकली. जवळ जाऊन पाहिलं तर काचेच्या आत, खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर अंगठा.

मला अक्षर येत नाही, पण हा अंगठा वाचता येतो. तुझी आई जन्मली त्या वर्षी विळीवर कच्चं केळं चिरताना कापला होता. मधून तिरकी रेघ गेली आहे. चिठ्ठीवरचं इंग्रजी मी महालक्ष्मीला वाचायला सांगितलं. ती वाचताना थांबली, मग माझ्या हाताकडे बघत मराठीत म्हणाली, तंजावूरच्या मराठी घराण्यातल्या आजीनं स्वतःच्या हातानं काढलेलं चित्र, सहीच्या जागी तिचा अंगठा. भाची तेच कौतुकानं पाहुण्यांना सांगत होती. ती आजी मागे उभी राहून पायसम खाते आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. परतताना बसमध्ये महालक्ष्मी माझ्या शेजारची जागा सोडून दोन बाकं पुढं जाऊन बसली. म्हातारीही यात सामील आहे, असं तिला वाटलं असणार. मी जन्मात पेन्सिल धरली नाही, कण्णा. माझी रांगोळीसुद्धा अशी, की तुझे आजोबा म्हणायचे, पाहुणे तिच्यात पाय अडकून पडतील.

आजोबा गेल्यावर आपण पेन्शनच्या कचेरीत गेलो होतो, आठवतं? तू कॉलेजात होतास. कारकुनानं चोराचा धरावा तसा माझा हात धरून अंगठा शाईत दाबला, तेव्हा तू टेबलावर थाप मारून म्हणालास, "माझ्या आजीचा हात असा ओढायचा नाही." घरी आल्यावर खोबरेल लावून शाई तूच पुसलीस. त्या दिवसापासून मला माझ्या अंगठ्याची लाज वाटेनाशी झाली. पण एक सांगते. कशावर अंगठा घेतो आहे, ते त्या कारकुनानं निदान मला वाचून दाखवलं होतं.

परवा फोनवर म्हणालास, शुक्रवारी येतो, आणखी दोनशे चिठ्ठ्या आणतो. तेव्हाच बोलले असते, तर तू गोड बोलून मला वळवलं असतंस. तमिळमध्ये लिहवून घेतलं असतं, तर एकट्यानं वाचून खिशात घातलं असतंस. म्हणून नागरी. ती तुला येत नाही. तुमच्या चेन्नईच्या घरात ती एकाच माणसाला येते, आजोबांनी शिकवली म्हणून. तेव्हा हे पत्र आत्ता तुझी आई मोठ्यानं वाचते आहे, आणि तू समोर बसला आहेस.

वसू, पोरी, आता तुला विचारते. मला एवढंच कळायला हवं, हे सगळं त्यासाठीच. तुला ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर इथंच पत्राची घडी कर. शुक्रवारी तो काय घेऊन येतो, त्यावरून मी काय ते समजेन. नसेल तर चष्म्यावरून त्याच्या तोंडाकडे बघ, आणि खालची ओळ वाचून दाखव.

श्रीकर, शुक्रवारी ये. नव्या चिठ्ठ्या आणू नकोस, जुन्या शंभर परत आण.

तुझीच,
आजी

खाली अंगठा लावलेला नाही. पत्र माझंच आहे, यावर विश्वास ठेवावा लागेल.