छपराखालचे उलटे फेरे

१८ जानेवारी

पाचवी आली! अकराजणींत आमची करिष्मा पाचवी. युरोपातलं कुठलंसं गाव, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि या मुली मोठ्या थोरल्या बंद हॉलमध्ये तीन हजार मीटर पळतायत. मोबाइल तांब्याला टेकवून आम्ही दोघांनी पाहिलं. हे म्हणाले, "छपराखाली काय पळायचं? एवढं पळून पोचली कुठं, तर निघाली तिथंच!" शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा मात्र उठून उभे होते. विचारलं, तर म्हणे पाय आखडला होता.

१९ जानेवारी

यांना म्हटलं, हॉलमधली शर्यत मला नवी नाही. नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये पावसाळ्यात सिस्टर ॲग्नेस आम्हाला सभागृहात पळवायच्या. बूट बाहेर, पायात मोजे, आणि फरशी अशी घासलेली की तोंड दिसावं. वळणावर मी घसरले ती थेट पियानोखाली. तिथून सिस्टरचे पांढरे मोजे दिसले — एकाला टाचेशी रफू केलेलं. इतकी वर्षं झाली, सिस्टर गेल्या, ते रफू काही डोळ्यांपुढून जात नाही.

दुपारी हे फोनवर कुणाला तरी सांगत होते — आमच्या घरात दोन खेळाडू आहेत. एक परदेशात, एक पियानोखाली.

२५ जानेवारी

केसरबाईचा फोन. करिष्माची आई. दिवाळी झाली की नवरा-बायको कोल्हापूरकडे ऊसतोडीला जातात. तिथल्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रेंज नाही, म्हणून रस्त्यावर येऊन बोलते. मी शर्यतीचा व्हिडिओ पाठवला होता. पोरीचं पळणं आवडलं, दिशा नाही आवडली. "बाई, समद्या उलटे फेरे कावून घालतेत?"

जगभर असंच पळतात, डावा हात आत ठेवून — हे परोपरीनं सांगितलं. पटलं नाही. तिचं तरी काय चुकलं? पोर पळायला शिकली नारायणगडावर. आई देवाला प्रदक्षिणा घालायची आणि ही पुढे धावत तिच्या एकीला तीन घालायची. मग तालुक्याच्या पहिल्या शर्यतीत काय होणार! शिट्टी झाली, सगळ्या मुली एकीकडे आणि आमची एकटी वळून दुसरीकडे. समोरून आलेल्या घोळक्याला वाट देऊन, वर सगळ्यांच्या आधी पोचली. अर्थात बाद. हे अजून पाहुण्यांना सांगतात की बरोबर तेवढी तीच पळाली.

फोन ठेवता ठेवता केसरबाईने विचारलं, "तिचा पट्टा कवा पडायचा?" कारखाना बंद झाला, तोड संपली, की ही माणसं पट्टा पडला म्हणतात. म्हटलं, मार्चमध्ये. "आमचा बी तवाच," म्हणाली. आवाज एकदम उजळला.

१ फेब्रुवारी

त्या पट्ट्याचंच डोक्यात. चौथीपासून बारावीपर्यंत, आईबाप तोडीला गेले की पोर हिवाळाभर माझ्याकडे. पट्टा पडला की केसरबाई दारात. "बाई, नेते हां पोरीला." मी हसून हात हलवायची. मग आत येऊन तिची घासलेली ताटली पुन्हा घासायची.

या वेळी परत आल्यावर आधी कुणाच्या दारात उभी राहील? — विचारणार नाही.

२ फेब्रुवारी

विचारलं. यांना. "आईकडे जाईल," म्हणाले, "तू हिवाळे दिलेस, तिनं जन्म दिलाय." मी म्हटलं, मला कुठं काय फरक पडतो. "दिसतंय," म्हणाले, "म्हणून तर तिच्या खोलीचे पडदे धुतलेस."

१५ फेब्रुवारी

चौथी! नंतर तिचा फोन. तिकडची वळणं म्हणे एका अंगाला उचललेली असतात — "बाई, आपल्या तलावाच्या पाळीवर तिरकं पळावं तसं." सारखं डावीकडे वळून घोटा ठणकतोय. मी हळद सांगितली, यांनी मागून ओरडून सांगितलं की उजवीकडे वळ. हसली. कधी येणार, कुठे येणार, ओठांवर आलेलं गिळलं.

१ मार्च

हंगामातली शेवटची शर्यत. तिसरी! पण जागतिक स्पर्धेला लागणारी वेळ हुकली — अगदी पापणी लवावी एवढ्यानं. बाकीच्या मुली जमिनीवर आडव्या झाल्या. आमची मात्र बाहेरच्या कडेनं एकटीच उलटी चालत निघाली. म्हणजे प्रदक्षिणेच्या हिशेबानं सुलटी! एका पंचानं हात आडवा घातला तेव्हा थांबली. केसरबाईला कळवायला हवं.

फोनवर रडली नाही. म्हणाली, "बाई, भूक लागलीय. भाकरीची." हे छपराला दोष देत अंगणात निघून गेले. बराच वेळ आले नाहीत.

४ मार्च

मी बाजारात गेले होते तेव्हा तिचा फोन येऊन गेला. यांनी सांगितलं — शुक्रवारी सकाळी पुण्यात उतरतेय, आणि आधी आईला भेटणार म्हणाली.

पुण्याहून कोल्हापूरचा रस्ता एकीकडे, आमच्या आष्टीचा दुसरीकडे. बरोबरच आहे. आई ती आईच. तिच्यासाठी ठेचा करायचा होता, त्याच्या मिरच्या फ्रिजमध्ये टाकल्या.

५ मार्च

पडदे काढून ठेवणार होते. नाही काढले.

६ मार्च

सकाळी दार उघडलं तर केसरबाई! हातात बोचकं, पदराला पाचटाचा तुकडा. मी घाबरलेच. तिचा पट्टा पडायला अजून अवकाश आहे. म्हटलं, "अगं, पोर तुझ्याकडे निघालीय आणि तू इथं?"

"न्हाई बाई," म्हणाली. "पोरगी म्हनली, आई, तूच बाईंच्या घरी जाऊन बस. मला दोन दारं करायला लावू नका. म्हनून मुकादमाला सांगून रातच्या गाडीनं आले."

हे पेपर तोंडापुढे धरून बसले होते. पेपर गदगदा हलत होता. बुधवारपासून माहीत होतं यांना!

मिरच्या बाहेर काढल्या.

६ मार्च, संध्याकाळ

आली. बूट दारात काढले, मोज्यांवरच आत. केसरबाई आणि मी खाली फरशीवर शेजारी शेजारी बसून लसूण सोलत होतो. पोरीनं आम्हा दोघींना मिळून एक फेरा घातला — वळणावर घसरली नाही. सुलटा.