कल्याण बंदरातला चिखल आणि माझ्या दोन वहाणा

ठाणे,
सोमवार, ता. ४ डिसेंबर १८९३

चिरंजीव त्र्यंबक यास लक्ष्मीमावशीचे अनेक आशीर्वाद.

तू, सूनबाई व मुले खुशाल असाल अशी आशा आहे. धाकट्याचा खोकला गेला किंवा कसे ते कळवावे. (अडुळशाची पाने आमच्या परसात पुष्कळ आहेत, तुमच्याकडे नसतील तर पाठवीन. टपालाने पाठवीन, तुझ्या आगबोटीने नव्हे.) माझी प्रकृती शुक्रवारपर्यंत उत्तम होती.

शुक्रवार, तारीख १ डिसेंबर, कार्तिक वद्य अष्टमी, मुंबईच्या घड्याळाने दुपारी पाऊण वाजता, तू ज्या कंपनीचा कल्याणचा एजंट आहेस तिच्या आगबोटीने मला कल्याणात न पोचवता, जिथून कल्याण दिसते अशा जागी सोडून दिले. दिवस, तिथी व वेळ आरंभीच लिहिली आहे, कारण आमच्या शाळेच्या थोरल्या सिस्टर सांगत की तक्रारीला वेळ नसेल तर ऐकणारा तिला कुरकुर समजतो. तेव्हा ही तक्रार आहे असे समजून वाच. आईला मोठ्याने वाचून दाखवशील हे मला ठाऊक आहे. जिथे वाचू नकोस असे लिहिले असेल तिथे वाचू नकोस.

मी कशासाठी निघाले होते ते तुला ठाऊक आहे, तरी कंपनीच्या साहेबाला हे पत्र दाखवावे लागले तर त्यालाही कळावे म्हणून लिहिते. मी माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे तुझ्या आईला, मालनला, भेटायला निघाले होते. अकरा वर्षांत आम्ही भेटलो नाही. गेल्या अकरा वर्षांचा हिशेब साहेबाला नको असेल, पण तुला हवा. तुझ्या लग्नात माझे पान पंगतीत न वाढता मागच्या पडवीत, एकटे, वेगळे वाढले गेले. कारण मी लहानपणी विधवा झाल्यावर वडिलांनी मला मुंबईस सिस्टरांच्या शाळेत ठेवले, तिथे मी काय खाल्ले-प्यायले असेल कोण जाणे, अशी तुझ्या आजीस, म्हणजे मालनच्या सासूस, शंका होती. (मी तिथे सात वर्षे वरणभात खाल्ला, आणि तोही कच्चा. पण शंकेला साक्षीपुरावा लागत नाही.) आजीचे काही वाटले नाही. वाढायला तुझी आई आली आणि तिने मान वर केली नाही, त्याचे वाटले. मी पहिला घास तसाच ठेवून उठले. तेव्हापासून ती कल्याणास आणि मी ठाण्यास, मध्ये खाडी. (हे वाचू नकोस.)

आता प्रवासाकडे वळते. तू मला जी जाहिरात पाठवलीस तीत छापले होते की घोडबंदर, ठाणे व कल्याण या तिन्ही बंदरांवर आगबोट थांबेल, उतारूंस गाव पाहून येण्यास पुरेसा अवकाश मिळेल, आणि कल्याण बंदरापासून शहर तर 'हाकेच्या अंतरावर' आहे. हाक कोणाची, हे छापलेले नव्हते. पेन्शनीत निघण्यापूर्वी बावीस वर्षे मी मुलींच्या शाळेत पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारली आहे, आणि मी सांगते की शुक्रवारी आगबोट जिथे उभी राहिली तिथून माझी हाकसुद्धा शहरात पोचली नसती. आगबोट गाठण्यासाठी मी सकाळी घरून बैलगाडीने माजिवडा, तिथून बाळकुमच्या शेतांतून कोळशेतच्या बंदरावर आले, म्हणजे एका गावातून बंदरावर येण्याचा त्रास मी आधीच भोगला होता, आणि दुसऱ्या टोकाला तो पुन्हा भोगावा लागेल असे मला वाटले नव्हते. तू तिथे एजंट होतास म्हणून.

तू विचारशील की मावशी, रेल्वे असताना आगबोट कशाला. ठाण्याहून कल्याण गाडीने तासाभराच्या आत येते हे मला माहीत आहे. डॉक्टरांनी खाडीची हवा घ्यायला सांगितली होती. हे कारण पुरेसे आहे.

अष्टमीला दुपारी खाडीत पाणी नसते. हे मिठागरावरच्या कोणत्याही माणसाला विचार, तो आभाळाकडे न बघता सांगेल. तुझ्या कंपनीने मात्र जाहिराती छापताना पंचांग उघडले नाही, फक्त घड्याळ पाहिले, तेही मुंबईचे. त्यामुळे आगबोट कल्याणच्या अलीकडच्या वळणावर येऊन नांगर टाकून उभी राहिली. दुर्गाडीचा किल्ला दिसत होता, किल्ल्याखाली बंदराच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि पायऱ्यांवर एक काळा ठिपका दिसत होता. तो ठिपका म्हणजे तुझी छत्री. पायऱ्यांपाशी माझ्यासाठी दोन बैलांची छपराची दमणी उभी करतो असे तू कळवले होतेस, आणि दमणीही उभी होती. दमणी आणि मी यांच्यामध्ये मात्र अर्धा कोस काळा चिखल होता. मी माझी छत्री उंच करून हलवली, म्हणजे इकडे ये. तूही तुझी हलवलीस. मग मी पुन्हा हलवली. तूही पुन्हा हलवलीस. असा नमस्कार-चमत्कार पाव तास चालला, आणि तू जागचा हलला नाहीस. (आज्ञाधारकपणा हा गुण आहे, पण पायऱ्यांवर उभा राहा असे मी आज्ञापिले नव्हते.)

आम्हा उतारूंना मग होडीतून चिखलाच्या कडेपर्यंत आणले, आणि पुढे खुर्चीची व्यवस्था होती. खुर्ची एकच. ती जकातीच्या नाक्यावरच्या कारकुनाची. दोन माणसे ती खांद्यावर घेऊन चिखलातून येत, एका उतारूला बसवून पलीकडच्या बांधावर नेत, आणि तेवढा वेळ कारकून टेबलापाशी उभ्याने लिहीत असे. माझ्या आधी एका मामलेदाराच्या कुटुंबाची ट्रंक गेली. ट्रंक! ती खुर्चीत बसवून, दोरीने बांधून नेली, आणि मी होडीत उभी. मी म्हटले, ही ट्रंक पेन्शनर आहे काय? कोणी हसले नाही.

माझी पाळी आली तेव्हा पुढे राघो आणि मागे भिवा अशी दोन माणसे होती, दोघेही मिठागरावरची. खुर्चीत बसून माणसांच्या खांद्यावरून जाणे मला आवडले नाही, पण पर्याय चिखल होता. भर चिखलात दोघे थांबले, कारण भिवाच्या भाचीच्या लग्नात राघोला बोलावणे का नव्हते याचा निकाल त्याच जागी लागणे आवश्यक होते. वाद माझ्या डोक्याच्या मागून पुढे आणि पुढून मागे चालला होता, आणि ज्याला राग येई तो खांदा उडवी. मी दोघांना सांगितले की बोलावणे राहून गेले असेल तर एकाने विचारावे आणि दुसऱ्याने सांगावे, माणसाने वर्षानुवर्षे कुढत बसू नये. (हे वाचलेस तरी चालेल. नको, वाचू नकोस.) दोघांनी पुन्हा पाऊल उचलले. मग राघोने वर न बघता विचारले की आजी कोणाकडे जायच्या. मी नाव सांगितले.

तो म्हणाला, "मालनबाय? ती त दर आगबोटीला इचारते, ठान्याशी कोन बाय आयली काय म्हून."

बंदरावरच्या गप्पांवर मी विश्वास ठेवत नाही. पण याच वेळी मी पाय जरा हलवला असावा, कारण माझी डाव्या पायातली वहाण निसटून चिखलात पडली आणि बघता बघता आत गेली. भिवाने कोपरापर्यंत हात घालून शोधली. त्याला एक खेकडा सापडला.

ज्या बांधावर मला उतरवले तो बंदराच्या पार दुसऱ्या अंगाला. तिथे दमणी नव्हती, तू नव्हतास. होती ती गवताची एक बैलगाडी. गाडीवान धोंडीबा भला माणूस होता, त्याने पेंढ्यांवर जागा करून दिली, पण त्याने मला आधीच सांगितले की गाडी पारनाक्याला जाईल हे खरे, मात्र वाटेत गवत जिथे द्यायचे तिथे देऊन जाईल. त्याप्रमाणे आम्ही एका गोठ्याशी थांबलो, मग दुसऱ्या, मग शेणाळे तळ्याला वळसा घालून तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी माझ्या खालचे गवत कमी होई आणि मी बोटभर खाली येई. लोक बघत होते. एक पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी, एका पायात वहाण, हातात छत्री, आणि पदरात अळवाच्या वड्यांचा डबा. (तुझ्या आईला आवडतात. आवडत असत.) सिस्टरांनी आम्हाला पाठ ताठ ठेवायला शिकवले होते, ती मी शेवटच्या पेंढीपर्यंत ठेवली.

पारनाक्याला उतरले तेव्हा तिथल्या दुकानातल्या घड्याळात अडीच वाजले होते. आगबोटीची परतीची शिट्टी तीनला. तुमचे घर त्या दुकानापासून पुढच्याच आळीत, हे मला ठाऊक आहे. पण जाणे, बसणे, अकरा वर्षांचे बोलणे, आणि परत तेवढाच गवताचा रस्ता, हे अर्ध्या तासात बसणारे नव्हते. वेळेअभावी मी परत फिरले. धोंडीबाने रिकाम्या गाडीतून बांधावर सोडले, राघो-भिवाने खुर्चीतून होडीत. (दोघे आता भाचीच्या लग्नातल्या जेवणाबद्दल हसत बोलत होते.) या गडबडीत दुसरी वहाणही हरवली. आगबोटीवरून पाहिले तर काळा ठिपका पायऱ्यांवर होता तिथेच होता. यावेळी मी छत्री हलवली नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा. कंपनीने जाहिरातीतली 'हाकेच्या अंतरावर' ही ओळ काढून टाकावी. प्रत्येक फेरीच्या तिथीला बंदरात किती पाणी असेल ते छापावे. जकातीच्या कारकुनाला स्वतःची एक आणि उतारूंना एक, अशा दोन खुर्च्या असाव्यात, आणि ट्रंकेला खुर्ची नसावी. माझ्या वहाणांचा जोड भरून द्यावा. आणि तुझ्या आईला माझ्यामुळे ताटकळत बसावे लागले असेल तर तो दोष कंपनीचा आहे, माझा नाही, हे तिला स्पष्ट सांगावे. या सर्वाचे लेखी उत्तर शुक्रवार, ता. १५ डिसेंबरच्या टपालापूर्वी माझ्या हाती पडले पाहिजे.

मुलांना आशीर्वाद.

तुझी मावशी,
लक्ष्मी

ता. क. पारनाक्यावरचे ते घड्याळ रेल्वेच्या वेळेवर लावलेले असते, आणि रेल्वे मद्रासची वेळ पाळते. आगबोट मुंबईची पाळते. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर आहे. म्हणजे दुकानात अडीच वाजले तेव्हा आगबोटीचे दोनच वाजले होते आणि माझ्यापाशी पुरा एक तास होता. हे मला नंतर कळले असे लिहिणार होते. पण हाच हिशेब मी चौथीच्या मुलींना दरवर्षी घालत असे, तेव्हा तसे लिहिता येत नाही.

दुसरे ता. क. दुसरी वहाण हरवलेली नाही. ती तुमच्या घराच्या पायरीखाली आहे. मी आळीत आले, पायरीशी आले, आणि वहाण काढली. दार उघडे होते. आत माजघरात दोन पाट मांडलेले दिसले. एका ओळीत, शेजारी शेजारी, दोन पाने वाढून वर केळीच्या पानाने झाकलेली. तुझी आई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. जेवणे वाढून ठेवल्यावर कोणी तांदूळ निवडत नाही. हाताला काही तरी हवे म्हणून निवडत असावी. तिचे केस सगळे पांढरे झाले आहेत हे तू मला कधी लिहिले नाहीस. अकरा वर्षे मी काय काय बोलायचे ते जुळवून ठेवले होते, सगळे त्या मागच्या पडवीला उद्देशून होते. त्यातले एक वाक्य त्या दोन पाटांसमोर बोलण्यासारखे नव्हते. जाहिरात खरी होती, मी त्या वेळी हाकेच्या अंतरावर होते. मी रेल्वेने न येता आगबोटीने आले याचेही कारण तुला सांगते. रेल्वेने आलेल्या माणसाला कोणी शिट्टी मारून परत बोलावत नाही. मला परत जायला काही तरी हवे होते. मी वड्यांचा डबा धोंडीबाला दिला आणि अनवाणी परत गेले.

तिसरे ता. क. वरच्या दोन्ही गोष्टी आईला वाचून दाखव. आधी जे जे वाचू नकोस म्हटले तेही वाच. मार्गशीर्ष पौर्णिमा शनिवारी, २३ तारखेला आहे. पौर्णिमेला दुपारी पाणी पायऱ्यांना लागते हे राघोने मला सांगितले, तेव्हा खुर्ची लागणार नाही. मी त्या फेरीने येईन. शहरात येण्याचे मला पुन्हा जमेल असे वाटत नाही, तेव्हा अर्धी वाट मी येते, अर्धी तिने यावे. तू तिला दमणीतून बंदरावर आण, आणि ती वहाण तिच्या हाती दे. तिला बहुधा आधीच सापडली असेल. आपल्या नात्यात पायात वहाणा घालणारी बाई एकच आहे.

मी सुटीत घरी येत असे तेव्हा गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तिला अक्षरे शिकवली होती. नऊ वर्षांची असताना तिचे लग्न झाले, तोवर ती आपले नाव आणि आणखी थोडे लिहू लागली होती. ते ती विसरलेली नाही, हे मला माहीत आहे. म्हणून वहाणांचा जोड राहू दे, खुर्च्या राहू देत, साहेबाला काही दाखवू नकोस. उत्तर तेवढे १५ तारखेच्या टपालापूर्वी हवे, लेखी हवे, आणि तुझ्या हातचे नको.