भैरोबाचा कौल

काटेवाडी,
ता. १९ जून १९५६

ती. सौ. रतनअक्कास,

सावळारामचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. ऊस बरा आहे. गाय व्याली, खोंड झाला. दाजींना नमस्कार सांग.

मी बी.ए. झालो हे कळलंच असेल. विषय मानसशास्त्र, त्यामुळे गावात माझी चांगलीच पंचाईत झाली आहे. हिंदुरावकाका रोज पारावर धरतात. "मनातलं वळखतोस म्हनं? मंग माज्या कडब्याची गंजी कुनी उसकटली ते सांग की!" मी म्हणतो, ते फौजदाराचं काम. तर म्हणतात, "मंग येवढं शिकून काय उपेग?"

आता पुढे एम.ए. आमचे सर म्हणाले, आधी काम कुठं करायचं ते ठरव, मग विषय घे. कारखान्यात जायचं तर कामगारांचं मानसशास्त्र. मनाच्या दुखण्यांवर काम करायचं तर त्याचा अभ्यास वेगळा, आणि लांबलचक. आबांना मी साखर कारखान्यात लेबर ऑफिसर व्हायला हवा होतो. घराजवळ नोकरी, राहायला क्वार्टर. मला दुसरं हवं होतं. का, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आपल्या घरात ती गोष्ट कुणी काढतच नाही.

शेवटी आबा म्हणाले, "भैरोबाला इचारू." अक्का, मानसशास्त्राच्या पदवीधराचा विषय आता देव ठरवणार! हसूही आलं, तरी गेलो. रविवारी गुरवानं देवाला दोन कळ्या लावल्या; जी आधी पडेल, तो देवाचा कौल. उजवी कारखान्याची, डावी माझी. उजवी पडली.

मी गुमान उठलो. आबा जागचे हलेनात. गुरव म्हणाला, "आबा, कौल झाला." तर आबा एकदम म्हणाले, "माज्या बायकूला डाक्टरकडं न नेता घरीच ठिवू का, इचारलं तवाबी उजवीच पडली व्हती. आयकलं मी. अजून बोलत न्हाय ती. ह्या येळंला न्हाय आयकायचा."

आपला धाकटा भाऊ वारला आणि आई गप्प झाली, पुढे तू तिला तुझ्याकडे कळसला घेऊन गेलीस, तेव्हापासून आबांच्या तोंडून तिचं नावही ऐकलं नव्हतं.

घरी येताना बांधावर म्हणाले, "तुजा इषय घे. पर आदी तिला दाखवू." अक्का, मी तिथंच बसून रडलो. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तसं झालं. तेव्हापासून दोन घास जास्तच जातायत.

येत्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं कळसला येतोय. सोमवारी आईला घेऊन पुण्याला जाऊ. सरांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. ती बरी होईलच असं मी म्हणत नाही, तेवढं शिकलेलो नाही अजून. आबांना मात्र तिच्यासमोर यायची भीती वाटते. तू त्यांना काही बोलू नकोस.

हे पत्र आईजवळ बसून मोठ्यानं वाच. तिला ऐकू जातं की नाही, कुणालाच ठाऊक नाही. तरी वाच.

आई, आबा येतायत.

तुझा,
सावळा